आणि डावीकडून?

आदरणीय अध्यक्ष महोदय, माझ्याबद्दल भरभरून बोललेले प्रमुख पाहुणे, प्राचार्य, माझे सहकारी, कार्यालयातले आणि प्रयोगशाळेतले कर्मचारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसून 'पुरे, बसा आता' अशी खूण मी तोंड उघडायच्या आतच सुरू केलेली माझी पत्नी, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

माइक जरा जवळ घेतो. मागच्या रांगेपर्यंत पोचतंय का? पोचत नसेल तर हात वर करा. छान. आज हातांना बरंच काम आहे, तेव्हा सवय झालेली बरी.

सत्काराला उत्तर देताना माणसाने भारावून जावं असा संकेत आहे. मी भारावलो आहे. पण त्याहून जास्त घाबरलो आहे, आणि हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज कापला तर तुम्ही तो कृतज्ञतेच्या खाती जमा करणार नाही. आत्ताच अध्यक्ष महोदय म्हणाले, "सरांचा आवाज या भिंतींमध्ये कायम घुमत राहील." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण भिंतींना गणितातल्या एकतर्फी सीमा शिकून काय करायचं आहे? आणि भेट म्हणून मला रेडिओ दिलात. मनापासून आभार. ज्याने कुणी निवडला त्याच्या मनात काही वावगं नव्हतं, याची मला खात्री आहे. माझ्या पत्नीने मात्र तो खोका हातात घेतल्यावर माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच मान फिरवली.

तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, काहींना आत्ता मानपत्र वाचताना 'प्रकृतीच्या कारणास्तव' या शब्दांवर शंका आली असेल. लपवण्यासारखं काही नाही. येत्या गुरुवारी माझं स्वरयंत्र काढणार आहेत. घशात जे वाढलं आहे ते त्याशिवाय निघत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "त्यानंतर बोलता येईल का?" ते म्हणाले, "सर, श्वास नीट घेता येईल." मी म्हटलं, "जे विचारलं त्याचं उत्तर द्या." प्रश्न एक आणि उत्तर दुसरं, असं माझ्या वर्गात कुणी लिहिलं असतं तर मी गुण दिले नसते. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नाही येणार. पुढे एखादं यंत्र लावून थोडंफार जमतं काहींना. पण ते पुढचं पुढे." पुढचं पुढे! ज्याचा सगळा जन्म घसा फोडून बोलण्यात गेला, त्याला हे सांगणं किती सोपं असतं पाहा.

तर अध्यक्ष महोदय, आता जे सांगायचं ते सरळ सांगतो, कारण आडवळणाने सांगायला माझ्याकडे घसा उरलेला नाही. मला हा निरोप नको आहे.

बसा, बसा. कुजबुज नको. प्राचार्य, तुम्हीही उठू नका, पाणी आहे माझ्याकडे.

राजीनामा मी दिला आहे, हे खरं. माझ्याच हाताने लिहिला. अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, शिक्षकाचं सगळं दुकान आवाजावर चालतं. तुम्ही आता आराम करा. तुमच्या वर्गात आपण मोठा पडदा लावू. नामवंत प्राध्यापकांची व्याख्यानं त्यावर दाखवू. मुलांचं नुकसान होणार नाही." त्यांच्या बोलण्यात कणभरही कपट नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं, काळजीने बोलणाऱ्याशी काय भांडणार? सही केली आणि बाहेर आलो. जिन्यात पोचलो, तेव्हा समजलं की आपण काय करून बसलो.

तो राजीनामा अजून मंजूर झालेला नाही. संस्थेची सभा उद्या आहे. म्हणजे माझ्या हातात आजचा दिवस आहे, आणि या दिवसातला हा माइक. आभाराची पाच मिनिटं मला दिली आहेत. मी जरा जास्त घेईन. यापुढे मी कुणाचा वेळ बोलून घेणार नाही, तेव्हा एवढी सवलत द्या.

मी तुम्हाला एक गणित शिकवणार आहे. हसू नका. अध्यक्ष महोदय, तुम्ही मघाशी भाषणात म्हणालात की गणिताशी तुमचा छत्तीसचा आकडा आहे. मला तुमच्यासारखाच विद्यार्थी हवा होता.

हा फळा मी सकाळीच मंचावर आणून ठेवायला सांगितला होता. फुलांच्या सजावटीत तो कुणाला आवडला नाही, पण आणला, आभार. इथे मी एक अपूर्णांक लिहितो. वर, अंशाच्या जागी, नुसता एक. खाली, छेदाच्या जागी, क्ष वजा दोन. क्षची किंमत दोनच्या जवळ जवळ नेत गेलं, तर या अपूर्णांकाचं काय होतं?

पहिली गोष्ट. "दोनवर काय होतं?" हे विचारायचं नाही. दोनवर खाली शून्य येतो, आणि शून्याने भागत नाहीत. त्या दाराला कुलूप आहे. कुलूप हलवत बसायचं नाही, दाराच्या जवळ जाताना काय होतं ते बघायचं. आणि जवळ जायला वाटा दोन आहेत. उजवीकडून आलात तर तुम्ही दोनपेक्षा किंचित मोठे असता, डावीकडून आलात तर किंचित लहान. कुठल्या बाजूने येताय ते सांगितल्याशिवाय या गणिताला उत्तर नाही.

आधी उजवीकडून येऊ. क्ष दोनपेक्षा जरासा मोठा, म्हणजे क्ष वजा दोन हा धन आहे, आणि लहान लहान होत चालला आहे. वरचा एक मात्र जागचा हलत नाही. आता भागाकार म्हणजे काय? खालचा वरच्यात किती वेळा मावतो, एवढंच. बादलीभर पाणी आहे. वाटीने उपसलंत तर काही वाट्या होतील. चमच्याने उपसलंत तर कितीतरी चमचे. थेंबाथेंबाने उपसायला बसलात तर मोजता मोजता नाकी नऊ येतील. पाणी तेवढंच, माप लहान झालं की मोजणी वाढते. आणि इथे माप लहान व्हायचं थांबतच नाही. तुम्ही कोटी म्हणा, अब्ज म्हणा, कुठलाही आकडा म्हणा; मी दोनच्या इतका जवळ जाऊन दाखवीन की तो आकडा मागे पडेल. याला आम्ही म्हणतो, धन अनंताकडे जातो. अनंत म्हणजे काही गाव नाही, की गाडी तिथे पोचली आणि थांबली. वाढ थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. आणि इथेच मी इतकी वर्षं एक प्रश्न विचारत आलो. विद्यार्थ्यांनो, कुठला?

ऐकलंत? "आणि डावीकडून?" सगळा हॉल बोलला. माझं नावच पाडलंय यांनी, 'डावीकडून सर'. पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं. बाजारात एकदा एका गृहस्थांनी मला हाक मारली, "अहो डावीकडून सर!" आणि मी उजवीकडे वळून पाहिलं, म्हणून त्यांना वाटलं मी नव्हेच.

तर, डावीकडून. क्ष दोनपेक्षा किंचित लहान. मग क्ष वजा दोन हा ऋण. लहान आहे, पण ऋण आहे. वर धन एक, खाली ऋण. धनाला ऋणाने भागलं की उत्तर ऋण. आकार तसाच वाढत जाणार, पण शून्याच्या खाली. जेवढा उंच डोंगर उजवीकडे, तेवढीच खोल दरी डावीकडे. बिंदू तोच, कुलूप तेच, आणि दोन वाटांनी आलेल्या दोघांचं भवितव्य अगदी उलट. कुठलाही तक्ता नको, यंत्र नको. वरचा कुठे निघालाय, खालचा कुठे निघालाय, आणि कुणाचं चिन्ह काय, एवढं स्वतःला विचारलं की झालं.

ही मला 'पाणी प्या' म्हणतेय. पितो.

आता ज्या दिवसामुळे हा समारंभ होतोय, त्या दिवसाबद्दल. डॉक्टरांकडून आल्यावर मी ठरवलं की आवाज जायच्या आधी आवाजाशिवाय एक तास घेऊन बघायचा. आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या. उत्तर वाढतच गेलं तर हात वर. ऋण बाजूला खोल खोल गेलं तर हात खाली. कुठेतरी स्थिरावलं तर हात आडवा. मी फळ्यावर मघाचंच गणित लिहिलं, मुलांकडे तोंड केलं, उजवा हात लांब धरला आणि मधल्या एका बिंदूकडे आणत नेला. म्हणजे उजवीकडून. सगळ्या वर्गाने हात खाली केले. चूक! मी मान हलवली. मग डावा हात आणला. सगळ्यांनी हात वर केले. पुन्हा चूक! इतकं सोपं, आणि सगळा वर्ग? मी कपाळावर हात मारला आणि त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. आता आमच्या वर्गाचा एक जुना रिवाज आहे. सर बोलायचे थांबले म्हणजे कुणीतरी चुकलंय, आणि ज्याला शंका असेल त्याने उभं राहायचं. एक उठला, दोन उठले, सगळा वर्ग उठला. पहिल्या बाकावरची एक मुलगी आहे, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते म्हणून तिला मी 'घाई' म्हणतो. तिला रडूच फुटलं. "सर, चिडलात का? बोला ना सर!" मी हातवारे करतोय, ती रडतेय, मागचे काहीजण हसू दाबतायत. आणि नेमके त्याच वेळी अध्यक्ष महोदय व्हरांड्यातून चालले होते.

त्यांनी खिडकीतून काय पाहिलं? सगळा वर्ग शिक्षा झाल्यासारखा उभा, एक मुलगी रडतेय, आणि म्हातारा मास्तर फळ्यापुढे हात हलवतोय. त्यांच्या जागी मी असतो तर मीही चहा मागवला असता.

राजीनामा देऊन घरी गेलो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा रडलो. मोठ्याने रडलो. आवाज होता तोवर रडून घेतलं म्हणा. मला दुसरं काही येत नाही हो. बाग येत नाही, पत्ते येत नाहीत, मला फळ्यासमोर उभं राहता येतं. सकाळी उठून दाढी करायची ती कुणासाठी, हे ज्याला ठाऊक नसतं त्या माणसाचा दिवस कसा जातो, याचाच विचार करत बसलो.

माझी पत्नी शिवणकाम करते, आणि तिचं काम तुमच्यातल्या कित्येकांच्या अंगावर आज आहेच. तिच्याकडे मुली काम शिकायला येतात. कपडा अंगावर बेतताना तिच्या तोंडात टाचण्यांची रांग असते, त्यामुळे ती बोलू शकत नाही. इतकी वर्षं घरात हे चाललंय आणि मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसून नुसता बघत होतो. ती मुलीला बाहीचा चढ, म्हणजे खांद्यापाशी येणारी गोलाई, दाखवत होती. तोंडातून फक्त "हूं" आणि "अंहं". पण एक पाहिलं. ती मुलीच्या समोर उभी राहत नव्हती. शेजारी जाऊन, मुलीचं तोंड जिकडे तिकडेच आपलं तोंड करून, मग हात दाखवत होती.

काम संपल्यावर मी विचारलं, "समोरून का दाखवत नाहीस? तिला जास्त नीट दिसेल."

तिने टाचण्या काढल्या. म्हणाली, "समोरून दाखवलं की माझी उजवी ती तिची डावी होते. एकीने असा अख्खा झगा उलटा शिवला होता. तुम्हाला एवढं कळत नाही? गणित शिकवता ना?"

मी ताडकन उठलो. मुलं चुकलीच नव्हती! मी त्यांच्याकडे तोंड करून उजवा हात आणला, ती त्यांची डावी बाजू होती. त्यांनी डावीकडून बघितलं आणि हात खाली केले. बरोबर केले! इतकी वर्षं मी तोंडाने 'उजवीकडून' म्हणत होतो, म्हणून माझे हात कुठे आहेत याला महत्त्व नव्हतं. शब्द गेला आणि बाजूच उलटली. सगळा वर्ग अचूक होता, आणि मी त्यांना उभं करून रडवलं.

मी तसाच अध्यक्षांकडे गेलो. त्यांना हे सांगायला लागलो, पण घसा बसलेला, आणि त्यांच्याकडे माणसं बसलेली. ते म्हणाले, "सर, तुम्ही आधी शांत व्हा. निरोप समारंभ आपण झकास करू." तेव्हा मी ठरवलं, की झकास करू.

अध्यक्ष महोदय, पडद्यावरच्या प्राध्यापकांबद्दल मला आदर आहे. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा गोड असेल. पण पडद्याला डोळे नाहीत. आमच्या 'घाई'ने चुकीची खूण केली तर पडदा पुढे बोलत राहील. माझा आवाज जाणार आहे, डोळे इथेच राहणार आहेत.

आता मी एक नवं गणित लिहितो. हे मी वर्गात कधी घेतलेलं नाही, मुलांना विचारा. खाली तेच, क्ष वजा दोन. वर मात्र क्ष वजा दोन पॉइंट शून्य शून्य एक. दोनपाशीच जायचं आहे. खुणा तुम्हाला समजल्यात: वर, खाली, आडवा. सगळ्यांनी हात करायचे, मंचावरच्यांनीही, खुर्च्या फळ्याकडे वळवून. प्रमुख पाहुणे, तुम्हीही. उजवीकडून विचारीन, मग डावीकडून. हे होईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. बाजू दाखवताना मला तुमच्याकडे पाठ करावी लागेल, म्हणजे माझी उजवी ती तुमची उजवी. मंचावर एवढी मान्यवर मंडळी असताना पाठ फिरवणं हा उद्धटपणा आहे. पण दुसरा इलाज नाही.

…

बोलू आता? थोडं थांबा, श्वास घेतो.

जे घडलं ते सांगतो, कारण मागच्यांना पुढचं दिसलं नसेल आणि पुढच्यांना मागचं. मी पाठ केली, उजवा हात लांबून दोनकडे आणला, आणि वळून पाहिलं. सगळ्या सभागृहाचे हात आडवे! म्हटलं संपलं, पडदा लागला. मग पाहिलं तर घाईच्या मांडीवर मोबाइल. तिने दोन पॉइंट एक घातला असणार, उत्तर पॉइंट नव्व्याण्णव. मग दोन पॉइंट शून्य एक घातला, उत्तर पॉइंट नऊ. 'एकच्या आसपास बसतंय' म्हणून तिने हात आडवा केला, आणि तिचं पाहून सगळ्यांनी. मी ओरडणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण हिने समोरून ओठांवर बोट ठेवलं आणि मी ते मिटलं.

मग मी वरच्या जागी मूठ धरली, अंगठा खाली केला, म्हणजे ऋण. तशीच धरून ठेवली. खालच्या जागी चिमूट केली आणि ती मिटत नेली. तुम्ही सगळे चिमटीकडे बघत होतात. मी मानेनं खुणावलं, वर बघा, वर. मूठ हलत नाहीये. चिमूट मिटतेय, अजून मिटतेय, बोटाला बोट टेकत मात्र नाहीये. तुम्ही मुठीकडे बघायला लागलात. आणि घाईने मोबाइल पिशवीत टाकला, डोळे बारीक केले, आणि तिचा हात खाली गेला. घाई, आज तू पहिल्यांदा उशिरा उत्तर दिलंस आणि ते बरोबर आलं.

का खाली, ते आता तोंडाने सांगतो. दोनपाशी वर उरतो एक सहस्रांश, तोही ऋण. एवढासा, की नसल्यासारखा वाटतो. पण तो तिथेच राहतो. खालचा मात्र धन आहे आणि त्या एवढ्याशापेक्षाही कितीतरी लहान होत जातो. थेंबच असला तरी थेंब तेवढाच राहिला आणि माप लहान लहान होत गेलं, तर मोजणी थांबणार कशी? ऋणाला धनाने भागलं, म्हणून खाली, न थांबता खाली. मोबाइल खोटं बोलला नव्हता. तो फार लांब उभा राहून बोलत होता, एवढंच.

अध्यक्ष महोदय, त्या दिवशी चहा घेताना तुम्ही म्हणाला होतात, "तशीही तुमची नोकरी आता थोडीच उरलीय सर, नसल्यासारखीच." थोडी उरणं वेगळं, आणि न उरणं वेगळं. माझं थोडं मला परत द्या. भीक मागतोय असं वाटलं तर तसं समजा, आज मला लाज वाटत नाही. गुरुवारी काय होईल मला माहीत नाही. त्या दारावरचं कुलूप मी हलवत बसणार नाही. दाराच्या अलीकडे माझे डोळे आहेत, हात आहेत, आणि हा हॉल आहे.

आणि एक गोष्ट मी वळून पाहताना सगळ्यात नीट पाहिली. मुलांचे हात खाली आले, सहकाऱ्यांचे आले, प्रमुख पाहुण्यांचा आला. तुमचा हात तेवढा आडवाच होता. तुम्ही शेजारी बघितलं नाहीत. कुणाची नक्कल केली नाहीत. माझ्या मुठीकडे बघत राहिलात, कपाळाला आठ्या घालून, आणि मग सगळ्यात शेवटी तुमचा हात सावकाश खाली आला. इतकी वर्षं मी वर्गात ज्या क्षणाची वाट बघतो तो हाच. मग मी पुन्हा पाठ केली, डावा हात आणला, वळलो, आणि या वेळी कुणाचीच वाट बघावी लागली नाही. खाली ऋण, वर ऋण, उत्तर धन. सगळे हात एकदम वर, पहिल्या रांगेतल्या शिवणाऱ्या बाईंसकट. एक शब्दही बोललो नव्हतो मी.

आता आवाज उरला नाही. आवरतो. आपण सगळे वेळ काढून आलात, मला मोठं म्हणालात, माझं लांबलेलं ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. फळा वाहून आणणाऱ्यांचे आभार, माइकवाल्यांचे आभार, ही गप्प बसवत राहिली आणि मी बोलत राहिलो त्याबद्दल तिचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाला दुखावलं असेन, तुमच्याकडे दोनदा पाठ फिरवली, या सगळ्याची क्षमा करावी. बोलण्यातली चूक तरी पुन्हा माझ्या हातून होणार नाही. पाठ मात्र मी रोज फिरवीन, तुम्ही उद्या हो म्हणालात तर.

अध्यक्ष महोदय, तुमचा हात अजून वरच आहे. खाली घ्या आता. उत्तर बरोबर आहे.